बाजाराची गोळी

मी विष शिकवते. खरं तर मी चंद्रपूरच्या एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. औषध पोटात गेल्यावर ते शरीराचं काय करतं आणि शरीर त्याचं काय करतं, एवढाच माझा विषय. पण आईला हे सगळं लांबण वाटतं. ती बाजारात बांगड्या विकते, आणि ज्या ज्या गावच्या बाजारात तिचं दुकान लागतं तिथल्या बायांना तिनं सांगून ठेवलंय, "माही पोरगी चंद्रपूरले जहर शिकवते." सुटीत मी तिच्याशेजारी जाऊन बसले की बाया माझ्याकडे मोठ्या आदरानं बघतात, आणि जरा लांबूनच बघतात.

माझा राग नाकावरच असतो. मी चिडले की ती म्हणते, "खोटं हाय काय? तूच त म्हणते का कमी घेतलं त दवाई, जास्ती घेतलं त जहर."

म्हणते खरी. माझ्या वर्गातली पोरं चामोर्शी, मूल, एटापल्ली, पार सिरोंच्याकडून येतात. पुस्तकातली उदाहरणं त्यांच्या डोक्यावरून जातात, म्हणून मी त्यांना त्यांच्याच गावची विषं सांगते. मण्यार चावते तेव्हा फारसं दुखत नाही, सूजही नसते. नसेनं स्नायूला द्यायचा निरोप मध्येच अडतो, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात झोप झाली नाही वाटतं. कुचल्याची बी याच्या उलट. तिनं निरोप अडत नाही, उलट त्याला आवरणारं कोणी उरत नाही आणि अंग धनुष्यासारखं ताठतं. आणि लाखोरीची डाळ तर माझी सगळ्यांत लाडकी. तिचे वडे आमच्याकडे कोणी खाल्ले नाहीत असं नाही. पण दुसरं काही न मिळता महिनोन्‌महिने तीच खावी लागली, तर पायांतली ताकद जाते. शेवटी मी म्हणते, 'अति तिथे माती', आणि पोरं ते वहीत लिहून घेतात. परीक्षेतही लिहितात. मी मार्क देते.

आमचं गाव चामोर्शीच्या पलीकडे. बाबांची धानाची थोडी शेती आहे. ते बोलतात कमी. बाजारात तर त्याहून कमी जातात. आईचं बरोबर उलटं. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. तिच्या दोन पत्र्याच्या पेट्या, एक ताडपत्री आणि ती. आम्ही बौद्ध. आमच्या घरात देवदेव होत नाही, पण मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत आईचं दुकान लागलं नाही असं वर्ष मला आठवत नाही. कोणी टोमणा मारला तर ती म्हणते, "देव तुमचा, हात त बायाईचेच हाय ना."

हात हे तिचं सगळं. बांगडी विकणं वेगळं आणि बांगडी भरणं वेगळं, असं ती म्हणते. विकतं कोणीही. भरताना समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, तिला कुठल्या तरी गोष्टीत गुंतवायचं, अंगठ्याचं हाड हळूच तळव्याकडे दाबायचं आणि हाडं सैल पडली त्या क्षणी काच वर सरकवायची. जोर लागतो तो आईच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना. तिच्या हातून बांगडी क्वचितच वाढायची. बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

मग त्या वाढायला लागल्या. पहिल्यांदा एखादी, पुढं रोज. सकाळी उठल्यावर तिची मूठ वळेना. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजून टम्म. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरून प्यायची. एकदा एका पोरीच्या मनगटात काच गेली आणि रक्त आलं. आई त्या दिवशी भर बाजारातून पेट्या बंद करून घरी आली. मी फोन केला तर म्हणाली, "हात गेले त मी काय करू व माय?" माझ्या आईनं मला 'माय' म्हटलं की मी घाबरते. दुसऱ्याच दिवशी तिला चंद्रपूरला घेऊन आले.

डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, रक्त तपासलं आणि सांगितलं, हा आमवात आहे. शरीराचे राखणदारच घरच्यांवर उठलेत, सांध्यांना शत्रू समजून रोज मार देताहेत. त्यांना शांत करायला त्यांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. ते नाव वाचून मी जरा चपापले. ते औषध मी दरवर्षी शिकवते. मोठ्या मात्रेत ते कॅन्सरला देतात. अगदी लहान मात्रेत, आणि आठवड्यातून फक्त एकदा, ते आमवाताला देतात. त्याची लबाडी सोपी आहे. ते दिसायला फॉलिक ॲसिडसारखं असतं, म्हणून पेशीच्या कुलपात बसतं, पण ती किल्ली खोटी. फिरत नाही आणि निघतही नाही. ज्या पेशींना भराभर वाढायचं असतं त्यांचं काम तिथंच थांबतं. आठवड्यातून एकदा ही खोटी किल्ली घातली तर चवताळलेले राखणदार थंड होतात, आणि बाकीच्या शरीराला सावरायला मधले दिवस मिळतात. औषधाइतकेच ते मधले रिकामे दिवसही औषध असतात.

पहिले काही आठवडे आई माझ्याकडेच होती. दर रविवारी सकाळी मी तिला ती पिवळी गोळी द्यायची, आणि जोडीची फॉलिक ॲसिडची साधी गोळी इतर दिवशी. मी हातावर ठेवीन ती गोळी ती न बघता गिळायची. हळूहळू फरक पडला. एके दिवशी तिनं चहाचा कप कानाला धरून उचलला आणि कोणी पाहिलं का म्हणून इकडंतिकडं बघितलं. मी पाहिलं होतं. पण मी पेपरात तोंड घातलं, कारण मला रडू येत होतं आणि तिला रडणाऱ्या माणसांचा वैताग आहे.

शिवरात्र जवळ आली तशी ती माझ्या घरात मावेना. "तुह्या इथी भिंतीच भिंती," म्हणाली. बाबा न्यायला आले. मी बाबांना गोळ्या दाखवल्या. ही रोजची, आणि ही आठवड्यातून एकदाच, बाबा, एकदाच. माझी शिकवायची सवय, मी दहादा सांगितलं. बाबांनी मान डोलावली, गोळ्या दुपट्ट्याच्या टोकाला बांधल्या आणि दोघं बसमध्ये बसले.

जत्रेच्या दिवशी मी सकाळीच मार्कंड्याला गेले. वैनगंगेचं पात्र शिवरात्रीला निम्मं वाळूचं असतं, त्या वाळूत माणसं सांडल्यासारखी पसरलेली. आईचं दुकान नेहमीच्या जागी, शेजारी काळी पोत आणि कुंकू विकणारी तिची जुनी मैत्रीण. गिऱ्हाईक भरपूर होतं. पण आई बांगड्या काढून नुसत्या पुढं ठेवत होती, आणि पदर तोंडाला लावून बोलत होती.

"जेवली काय, आई?"

"नाई. तोंड आलं हाय. भात बी झोंबते."

"कधीपासून?"

"झाले आठ-दहा दिस. उष्णता हाय. गोळी गरम पडली ना थे. ताक पिऊन राह्यली मी."

आमच्याकडे प्रत्येक औषध एकतर गरम असतं किंवा थंड. त्यावरून मी एरवी तिच्याशी वाद घालते. त्या दिवशी घातला नाही. मी तिचा पदर बाजूला केला. ओठांच्या आत सगळं सोललेलं होतं. गिऱ्हाइकासमोर तोंड काय दाखवायला लावते म्हणून ती माझ्यावर वैतागली आणि हात झटकला, तेव्हा कोपराखाली जांभळे डाग दिसले.

"हे काय लागलं?"

"पेट्या उचलताना लागलं असंन."

"रविवारची गोळी घेतली होती?"

"रविवारची कुठली? बाजाराची गोळी हाय ना थे. बाजाराच्या दिवशी एक, जेवण झाल्यावर." तिनं पेटीच्या कोपऱ्यातून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. हिरव्या बांगड्यांच्या खाली तिनं ते नीट ठेवलं होतं. "तुह्या बाबानंच सांगतलं."

"कोणत्या बाजाराच्या दिवशी?"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की हिला कॉलेजात नोकरी कोणी दिली. "कोणत्या म्हंजे? साऱ्याच. मी का एकाच बाजारात जाते?"

"आणि इथं? जत्रेत?"

"जत्रा म्हंजे मोठा बाजारच नाई का?"

माझी पाचावर धारण बसली. आमच्या गावात आठवडा हा शब्द शाळेत असतो. बोलताना माणसं म्हणतात, मागच्या बाजाराले पाऊस आला होता, येत्या बाजाराले पाव्हणे येतीन. बाबांच्या जगात बाजार एकच, चामोर्शीचा. त्यांनी माझं आठवड्यातून एकदा त्यांच्या भाषेत नेलं, दर बाजाराले एक, आणि त्यांच्यापुरतं ते अगदी बरोबर होतं. पण ज्या बाईला त्यांनी ते सांगितलं तिला रोजच बाजार. जे औषध आठवड्याला एकदा घ्यायचं, ते ती जवळपास रोज घेत होती, आणि घेतल्यावर हिशेबानं पाणीही पीत होती.

मला वर्गात ज्या क्रमानं मी हे शिकवते त्याच क्रमानं सगळं दिसायला लागलं. भराभर वाढणाऱ्या पेशी कुठे असतात? तोंडाच्या अस्तरात, आतड्यांत आणि हाडांच्या मगजात, जिथं रक्त तयार होतं. आधी तोंड येतं. मग जुलाब. मग रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी पडतात आणि न लागताच डाग उठतात. पांढऱ्या पेशी संपल्या की साधा ताप माणसाला घेऊन जातो. मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गरम होतं. "उन्हात बसली हाय त गरमच राहीन," आई म्हणाली.

तिला उठवणं सोपं नव्हतं. शिवरात्रीचा धंदा सोडून दवाखान्यात जाणारी बाई अजून जन्माला यायची आहे, असं तिचं म्हणणं. शेवटी कुंकवाच्या दुकानातल्या मावशीनं तिच्या हातातली बांगड्यांची रास काढून घेतली. "तू जाय वं. तुह्या दुकानाले मी पाहते. पोरीचा चेहरा पाह्य न जरा." आईनं माझा चेहरा पाहिला आणि उठली.

मी काळीपिवळी जीप केली आणि डॉक्टरांना फोन लावला. मधे कुठं थांबू नका, सरळ चंद्रपूरला आणा, म्हणाले. मूलच्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना पळस फुललेला, आणि आई पूर्ण रस्ताभर मला बोलत होती. नुसतं तोंड आलं म्हणून एवढं करतात का, ताकानं गेलं असतं, तुले शिकवलं तेच चुकलं. मी तिला बोलू दिलं. ती बोलत होती तोवर मला बरं वाटत होतं.

दवाखान्यात तपासणी झाली आणि डॉक्टरांनी तिला एकटीच्या खोलीत ठेवलं. फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं सुरू झाली. खोट्या किल्लीनं पुढचं कुलूप अडवलं असेल तर हे औषध मागच्या दारानं आत जातं, आणि अडलेलं काम पुन्हा सुरू करून देतं. हे वाक्य मी किती वर्षं फळ्यापुढे उभी राहून म्हटलं आहे. आता ते माझ्या आईच्या नसेत थेंबाथेंबानं जात होतं, आणि मला त्या वाक्यावर विश्वास ठेवणं जड जात होतं. कारण आधी रक्त आणखी उतरलं. डॉक्टर म्हणाले, उतरणार, जे आधीच झालंय ते आता दिसतंय. मलाही ते माहीत होतं. माहीत असण्यानं काही मदत होत नाही, हे मात्र मला त्या दिवसांत कळलं.

बाबा घरून पिशवी घेऊन आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आत येईनात. मी बाहेर गेले. डोक्यात राग मावत नव्हता, आणि बोलायला तोंडही उघडलं होतं. त्याआधी तेच म्हणाले, "आठवडा म्हंजे बाजारच ना, बाई. मी त बाजारच म्हटलं." आणि त्यांनी दुपट्ट्यात तोंड घातलं. बाबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

मग एका सकाळी रिपोर्ट आला, पेशी वाढायला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आणखी. ताप उतरला. माझा जीव भांड्यात पडला, आणि आईनं पहिली मागणी केली ती लाखोरीच्या वड्यांची. मी कपाळावर हात मारला. माझ्या विषांच्या यादीतला नेमका तोच पदार्थ. "एका वड्यानं का लंगडी होऊन राह्यली मी?" आई म्हणाली. मात्रेचा धडा तिला माझ्या पोरांपेक्षा लवकर समजला होता. तोंडातल्या जखमा भरून आल्यावर मी तिला वडे करून दिले. तिनं त्यात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

ती घरी गेली तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. पण राखणदार पुन्हा जागे झाले. डॉक्टरांनी दुसरी, सौम्य गोळी दिली होती. ती पुरेना. पाऊस लागेपर्यंत आईची बोटं पुन्हा सुजली, मूठ पुन्हा वळेना. पेट्या घरात पडून राहिल्या. डॉक्टर म्हणाले, तुमच्या हाताला चाललं ते औषध तेच होतं. नीट घ्या, रक्त वेळच्या वेळी तपासू, घाबरायचं कारण नाही.

"नको," बाबा म्हणाले. डॉक्टरांपुढे बाबा बोलले ते एवढंच. उरलेल्या गोळ्या त्यांनी कधीच कडुनिंबाखाली खोल पुरून वर दगड ठेवला होता, भूत गाडल्यासारखा. गावातही सगळ्यांचं तेच. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, इथं तर गोळीनंच पोळलं होतं. मी आईला समजवायला बसले. किल्ली, कुलूप, मात्रा, मधले दिवस. अर्धा वर्ग घेतला म्हणा ना. पण आईपुढे माझी मात्रा चालत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "मले भेव लागते."

मी चंद्रपूरला परत आले.

त्यानंतर आमच्या शेजारच्या घरी लग्न निघालं. नवरीला चुडा भरायला त्यांनी आईला बोलावलं. त्या गल्लीतल्या सगळ्या पोरींना आईनंच चुडा भरलेला. आईनं दुसऱ्या गावची बांगडीवाली बोलवा म्हणून निरोप पाठवला आणि दार लोटून घरात बसून राहिली. बाहेर बाया चुड्याची गाणी म्हणत होत्या ती तिनं आतूनच ऐकली. हे मला बाबांनी फोनवर सांगितलं. दोन दिवसांनी आईचा फोन आला. "आण थे गोळी."

मी पूर्ण तयारीनिशी गेले. सात वारांचे सात कप्पे असलेली प्लास्टिकची डबी, फोनमध्ये गजर, भिंतीला लावायचा कागद, त्यावर रविवारभोवती लाल गोल. आईनं डबी उघडून पाहिली, झाकणं टकटक वाजवली आणि बाजूला सारली. "हे सारं तुह्या कॉलेजात ठेव. गोळी तुहे बाबा देतीन."

बाबा उठले आणि गोठ्याकडे निघून गेले.

"आई, ते नाही देणार. मी देते ना. मी दर रविवारी येते, नाहीतर फोनवर माझ्यासमोर घे."

"थे देत नाई तवर मी बी घेत नाई."

"काऊन पण?" मी ओरडलेच.

आईनं गोठ्याकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "माणूस त्या दिसापासून पोटभर जेवून नाई राह्यला. माह्या तोंडाकडे पाहून बोलत नाई. मी त दवाखान्यात गेली न बरी झाली. त्याईले कोणत्या दवाखान्यात नेऊ?"

मी डबी पिशवीत टाकली. नंतर गोठ्यात गेले आणि बाबांना आईचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "काय म्हणे? माह्याच हातानं?" एवढंच त्यांनी पुन्हा विचारलं.

रविवारी सकाळी त्यांनी हात धुतले. मला विचारलं, आज रविवारच ना? मग मोबाईल काढून पाहिला. मग कुंपणावरून शेजाऱ्याला विचारलं. शेजारी म्हणाला, भाऊ, रविवारच हाय, पोट्ट्याईची शाळा बंद हाय ना. तेवढ्यानंही भागलं नाही. ते घरात येऊन भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर जरा वेळ उभे राहिले, आणि मग एकच गोळी काढून आईच्या तळहातावर ठेवली. तिची बोटं सुजेनं नीट मिटत नव्हती, त्यामुळे गोळी खाली पडता पडता राहिली.

"आता पुन्हा कधी?" आईनं विचारलं.

"येत्या रविवारी."

"बाजाराले?"

"बाजार-बिजार नाई," बाबा म्हणाले. "रविवार. मीच देईन."

आईनं गोळी तोंडात टाकली आणि त्यांच्याकडे बघत वरून पाणी प्यायली. "जेवा आता," ती म्हणाली. त्या दिवशी बाबांनी भाताचं ताट दुसऱ्यांदा भरून घेतलं. मी ते पाहिलं आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं. आमच्या घरात पेपर फार उपयोगी पडतो.

तेव्हापासून त्या गोळ्या बाबांच्या सदऱ्याच्या खिशात असतात. धुण्याच्या आधी खिसा आई तपासते. दर थोड्या दिवसांनी दोघं रक्त तपासायला चंद्रपूरला येतात, माझ्याकडे जेवतात, आणि माझ्या घराच्या भिंतींना नावं ठेवून परत जातात. ज्या माणसाला एकच बाजार माहीत होता तो आता आईच्या पेट्या उचलून सगळ्या बाजारांना जातो. दुकानामागे ताडपत्रीच्या सावलीत बसतो आणि कोणी काही विचारलं तर, "तिले इचारा," म्हणतो.

वर्गात मी आता हे उदाहरणही घेते. कोणाची आई ते सांगत नाही. नुसतं विचारते, 'बाजाराच्या दिवशी एक गोळी' असं रुग्णाला सांगितलं तर तो आठवड्यात किती घेईल? पोरं एका सुरात म्हणतात, एक. यंदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माह्या आईचं भाजीचं दुकान हाय. थे त रोज घेईन." मी तिच्याकडे बघून हसले, आणि पोरांना सांगितलं, हे लिहून घ्या.

दिवाळीनंतर धान कापणीला आलं तेव्हा मी चामोर्शीच्या बाजारात गेले होते. लग्नसराई सुरू व्हायची होती. एक नवरी मुलगी तिच्या आईबरोबर चुडा भरायला आली. शेतात राबलेला हात, रुंद, कडक, आणि पोरीनं भिऊन तो आणखीच ताठ धरलेला. आईनं तो हात आपल्या मांडीवर घेतला, सासर कुठलं, नवरा काय करतो, सासू कशी आहे असं विचारत राहिली, आणि मधेच अंगठा दाबून पहिली हिरवी बांगडी वर सरकवली. मग दुसरी. मग तिसरी. मी आईच्या बोटांकडे बघत होते, आणि ताडपत्रीच्या सावलीतून बाबाही तिकडेच बघत होते. एकही वाढली नाही. मनगट हिरवंगार भरलं तेव्हा आईनं विचारलं, "दुखलं काय वं?"

"नाई, मावशी."

"मले बी नाई," आई म्हणाली आणि तिचा दुसरा हात मागितला.